कुत्र्याच्या डोळ्यात आपले ड्रॉप नकोत



मी माणसांचा डॉक्टर, हे आधीच सांगून ठेवतो. तरीही गेल्या काही वर्षांत एक प्रश्न मला दवाखान्यात वारंवार विचारला जातो. बीपी तपासून होतं, गोळ्या लिहून होतात आणि पेशंट उठता उठता म्हणतो, "डॉक्टर, अजून एक विचारायचं होतं. आमच्या कुत्र्याचा डोळा लाल झालाय. घरात ड्रॉप आहेत, तेच टाकले तर चालतील का?"

याचं उत्तर 'नाही' असं आहे. पण नुसतं 'नाही' सांगितलं तर लोक घरी जाऊन टाकतातच, म्हणून कारण सविस्तर लिहितो.

घरातले ड्रॉप म्हणजे बहुतेक वेळा आजी-आजोबांच्या मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर उरलेली, फ्रीजच्या दारात ठेवलेली बाटली. त्यात बहुधा अँटिबायोटिकच्या जोडीला स्टेरॉइड असतं. लेबलवर प्रेडनिसोलोन, डेक्सामेथासोन असं काही दिसलं तर ते स्टेरॉइड समजा. ऑपरेशननंतरची सूज उतरवायला ते लागतंच. पण डोळ्याच्या समोरच्या पारदर्शक पडद्याला, म्हणजे कॉर्नियाला, जखम असेल तर तेच औषध घातक ठरतं. कुत्र्याचा कॉर्निया जेमतेम अर्ध्या मिलिमीटरहून थोडा जाड असतो. स्टेरॉइडमुळे जखम भरणं मंदावतं, जंतूंना मोकळं रान मिळतं आणि कॉर्निया अक्षरशः विरघळू लागतो. मग एक-दोन दिवसांतही त्याला भोक पडू शकतं.

मागच्या पावसाळ्यात माझे एक जुने पेशंट, निवृत्त शिक्षक, शुगरचा रिपोर्ट दाखवायला आले होते. त्यांच्या पगचा डावा डोळा दोन दिवसांपासून अर्धवट मिटलेला होता. बायकोच्या ऑपरेशनचे उरलेले ड्रॉप ते दिवसातून चार वेळा टाकत होते. पहिल्याच दिवशी लाली कमी झाली म्हणून सर निर्धास्त होते. इथेच फसगत होते. स्टेरॉइडने लाली उतरते, पण आतली जखम वाढत राहते. त्यांनी मोबाइलवर फोटो दाखवला, तर बुबुळावर पांढरट डाग दिसत होता. "सर, रिपोर्ट उद्या बघू," असं म्हणून मी त्यांना तिथूनच पशुवैद्यांना फोन करायला लावला. डोळा वाचला. पण त्यासाठी सुरुवातीला दर दोन तासांनी, रात्रीसुद्धा, ड्रॉप टाकावे लागले. कुत्र्याने पंजाने डोळा खाजवू नये म्हणून तीन आठवडे गळ्यात शंकूसारखी कॉलर होती. पांढरा वण मात्र कायमचा राहिला.

लाल डोळा म्हणजे नेमकं काय?

लाली हे फक्त लक्षण आहे. कॉर्नियाला जखम, अश्रू कमी पडणं, डोळ्यातला दाब वाढणं म्हणजे काचबिंदू, किंवा आतल्या भागाला सूज, या चारही आजारांत डोळा लालच दिसतो. उपचार मात्र वेगवेगळे, कधी कधी अगदी उलटे. आतल्या सुजेला स्टेरॉइड लागतं आणि जखमेला ते अजिबात चालत नाही. हे नुसतं बघून मलाच काय, पशुवैद्यांनाही सांगता येत नाही. त्यासाठी ते साध्या तपासण्या करतात. खालच्या पापणीत कागदाची पट्टी एक मिनिट ठेवून अश्रू मोजतात. १५ मिलिमीटर किंवा जास्त ओली झाली तर सहसा ठीक, १० च्या खाली असेल तर डोळा कोरडा पडत असल्याची शंका घेतात. मग नारिंगी रंगाचं औषध लावून निळ्या प्रकाशात बघतात. जखम असेल तर ती हिरवी चमकते. शेवटी यंत्राने दाब मोजतात. एवढ्यावरून औषधाची दिशा ठरते.

डोळ्यातून दिसणारे शरीराचे आजार

फिजिशियन म्हणून मला हा भाग विशेष महत्त्वाचा वाटतो. माणसाला डायबेटिस झाला की आपण डोळ्याच्या पडद्याची काळजी करतो. कुत्र्यात आधी भिंग बिघडतं. जादा साखर भिंगात शिरते, तिच्यापासून तयार झालेला पदार्थ पाणी ओढून घेतो आणि भिंग पांढरं पडतं. डायबेटिस झालेल्या बहुतेक कुत्र्यांना साधारण वर्ष-दीड वर्षात मोतीबिंदू होतो, कधी तो काही दिवसांतच पिकतो. कुत्रा खूप पाणी पितोय, सारखी लघवी करतोय, खाऊनही वाळतोय आणि डोळे पांढरे दिसताहेत, तर रक्तातली साखर तपासून घ्या. आपल्याकडे गोचिडांमुळे होणारा ताप कुत्र्यांत बराच आढळतो. त्यातही डोळ्याच्या आत सूज येते, रक्तस्राव होतो. त्यामुळे गोचिडांचा बंदोबस्त हीसुद्धा डोळ्यांची काळजीच आहे.

प्रत्येक धूसर डोळा आजारी असतो असं मात्र नाही. आमच्या घरच्या म्हाताऱ्या कुत्रीच्या डोळ्यांत निळसर झाक आली, तेव्हा घरात सगळ्यांनी मोतीबिंदू ठरवून टाकला होता. तपासल्यावर कळलं की वयामुळे भिंग घट्ट झालंय. सात-आठ वर्षांनंतर हे बहुतेक कुत्र्यांत दिसतं आणि नजर फारशी बिघडत नाही. फरक तपासूनच कळतो.

घरी काय करावं?

आठवड्यातून एकदा उजेडात दोन्ही डोळे शेजारी-शेजारी बघा. दोन्हींत फरक दिसला तर तो महत्त्वाचा. चिपडं उकळून गार केलेल्या पाण्यात भिजवलेल्या कापसाने आतल्या कोपऱ्यापासून बाहेरच्या बाजूला पुसा. प्रत्येक डोळ्याला वेगळा कापूस घ्या. मध, तूप, दूध, गुलाबपाणी काही घालू नका. शिह त्झूसारख्या केसाळ कुत्र्यांचे डोळ्यांवर येणारे केस कापून घ्या. गाडीच्या खिडकीतून डोकं बाहेर काढू देऊ नका. पग, शिह त्झू यांच्या डोळ्यांच्या खोबणी उथळ असतात, मान जोरात ओढली गेली तर डोळा बाहेर येऊ शकतो. त्यांना गळ्याऐवजी छातीचा पट्टा वापरा. आणि दुखतंय म्हणून आपली आयबुप्रोफेन किंवा पॅरासिटामॉलची गोळी कधीही देऊ नका.

त्याच दिवशी पशुवैद्यांकडे कधी न्यावं?

डोळा मिटून धरला, बुबुळावर डाग किंवा निळेपणा आला, डोळा मोठा दिसू लागला, पिवळा-हिरवा स्राव येतोय, कुत्रा भिंतीवर-फर्निचरवर आदळतोय. यातलं एक जरी दिसलं तरी उद्यावर टाकू नका. काचबिंदूत एक-दोन दिवसांत नजर कायमची जाऊ शकते. जवळ चांगला दवाखाना नसेल तर मुंबईत परळ, शिवाय नागपूर, शिरवळ, उदगीर, परभणी इथे पशुवैद्यकीय महाविद्यालयं आहेत, तिथे प्राण्यांवर उपचार होतात.

आणि ती फ्रीजमधली बाटली? उघडल्यावर चार आठवड्यांनी ती माणसाच्या डोळ्यातही टाकायची नसते. आजच टाकून द्या.