भाव वजा केल्यावर

पावसाळा लागला की मुंबईचे घोडे पुण्याला येतात आणि कॅम्पातलं रेसकोर्स गजबजतं. मुळशीतल्या पौडचे एक गृहस्थ हंगामात तिथे नेमाने जातात, पैसे मात्र क्वचितच लावतात. टिपा देणाऱ्यांचा हिशेब ठेवणं हे त्यांचं खरं काम. तारीख, रेस, घोडा आणि टिप मिळाली तेव्हाचा भाव, एवढं रेस सुटण्याआधी वहीत चढतं. रेस संपल्यावर ‘मी म्हटलंच होतं’ म्हणणाऱ्याची टिप ते लिहून घेत नाहीत, माणूस कितीही जवळचा असो.

दहातले सहा लागले, हे ऐकायला छान वाटतं. पण फेव्हरिट घोडे लागतातच! आषाढात ताम्हिणीला ‘उद्या पाऊस’ असं रोज सांगणारा सहसा चुकत नाही. त्यात त्याची विद्या कोणती? अमेरिकेत १८८४ साली जॉन फिनली यांनी टोर्नेडोची आपली भाकितं ९६.६ टक्के बरोबर ठरल्याचं जाहीर केलं. त्यावर टीकाकारांनी दाखवून दिलं, की दर वेळी ‘टोर्नेडो नाही’ म्हटलं असतं तर ९८.२ टक्के बरोबर आलं असतं.

म्हणून वहीत प्रत्येक टिपेवर सारखेच शंभर रुपये धरलेले असतात. शंभराला पन्नास देणारे दहातले सहा घोडे लागले, तर ३०० मिळाले आणि ४०० गेले. शंभराला तीनशे देणारे तीनच लागले, तर ९०० आले, ७०० गेले. कमी वेळा बरोबर ठरलेला इथे सरस ठरतो.

तरीही घाई नको. शंभराला चारशे हा भाव रास्त धरला, तर डोळे मिटून दिलेल्या शंभर टिपांतही वीसेक लागतात. चोवीस लागले की वीस टक्के नफा दिसतो आणि लोक त्या माणसामागे धावतात. पण नुसत्या नशिबावर तिथवर पाचांतला एक जण पोचतोच. हजार टिपांत २४० लागले, तर नफ्याचं प्रमाण तेच. मात्र नशिबावर हे जमणारा हजारात जेमतेम एखादा. घोड्यांच्या शर्यतीत कौशल्याला प्राधान्य आहे, असं सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्ये म्हटलं. ते कौशल्य नेमकं कुणाकडे आहे, हे ठरायला कित्येक हंगाम जावे लागतात. मध्येच टिपा देणं सोडून दिलेल्यांची पानंही म्हणूनच फाडायची नसतात. ती काढली, तर उरलेले सगळेच हुशार दिसू लागतात.

शेवटचा रकाना रेस सुटतानाच्या भावाचा. टिप मिळाली तेव्हा शंभराला सहाशे असलेला भाव सुटताना चारशेवर आला, आणि असं वारंवार घडलं, तर घोडा हरला तरी हे गृहस्थ टिप देणाऱ्याच्या नावापुढे खूण करतात; बाजाराच्या आधी त्याला घोडा ओळखता आला, असं ते धरतात. अर्थात टिपेमागे धावणाऱ्यांच्याच पैशाने भाव उतरलेला असू शकतो. त्यामुळे तोच हिशेब ते सुटतानाचा भाव धरून पुन्हा मांडतात. त्यातही ज्याच्या पानावर नफा उरतो, त्याची पुढच्या हंगामाची पानं आधी आखली जातात.