बाहेर कुणाला काढायचं?

रात्री दोनला बॅकअप सुरू होतो आणि सकाळी ऑफिस भरलं की तक्रार येते, आज सगळं हळू चाललंय. दिवसभर ज्या पानांवर काम चालतं ती रात्रीतून मेमरीबाहेर गेलेली असतात. त्यांच्या जागी, ज्यांच्याकडे पुन्हा कुणी ढुंकूनही बघणार नाही अशा फायली ऐसपैस बसलेल्या. डिस्क कॅशच्या कोडमध्ये माझी उमेदीची वर्षं गेली ती या एकाच दुखण्यापायी. काय ठेवायचं ते कुणीही सांगेल. जागा भरल्यावर बाहेर कुणाला काढायचं?

इथे नुसता एलआरयू, म्हणजे सगळ्यात जास्त वेळ न मागितलेलं पान आधी काढायचा नियम, भोळा ठरतो. २००३ मध्ये आयबीएमच्या अल्माडेन प्रयोगशाळेतल्या मेगिडो आणि मोधा यांनी एआरसी हा वेगळा नियम मांडला. (मोधा मुंबईच्या आयआयटीतून शिकलेले, हे मी नव्या मुलांना आवर्जून सांगतो. जणू त्यात माझं काही कर्तृत्व आहे!) एकदाच वाचलेली पानं एका यादीत, पुन्हा मागितलेली दुसरीत आणि हाकललेल्यांचे नुसते पत्ते आणखी दोन याद्यांत. आपण काय विसरलो हे लक्षात ठेवणारी कॅश! हे मला सुचलं नाही याचा हेवा अजून गेलेला नाही. पेटंटच्या धास्तीनं पोस्टग्रेस डेटाबेसनं २००५ मध्ये एआरसी काढून टाकला. झेडएफएस या फाइल सिस्टिममध्ये त्याचा अवतार सुखात नांदतो आहे.

पण बॅकअपनं फाइल आधी चेकसमसाठी वाचली आणि लगेच कॉपीसाठी वाचली, की तीही दोनदा मागितलेली ठरते आणि लाडक्यांच्या यादीत जाते. एकाच प्रोग्रामनं मिनिटभरात दोनदा वाचणं वेगळं, दोन माणसांनी दिवसभरात एकेकदा मागणं वेगळं. कोण मागतंय आणि किती वेळानं, हे कॅशनं बघावं, एवढंच माझं मागणं आहे. ‘हे पुन्हा लागणार नाही’ असं प्रोग्रामनं सांगायची सोय लिनक्समध्ये नोरियूज नावानं होती, पण २०२३ मध्ये ६.३ येईपर्यंत वर्षानुवर्षं ती सांगितलेलं ऐकून घ्यायची आणि काहीच करायची नाही. डोंटनीड ही दुसरी सूचना काम करते, पण फाइलीची पानं फेकताना ती आधी कुणी आणून ठेवली होती, याची चौकशी करत नाही.

हल्ली हाताखाली आलेली मुलगी म्हणाली, “सर, रॅम वाढवू या ना.” विक्रेते हेच म्हणतात तेव्हा मी भडकतो. तिच्यावर भडकता आलं नाही, कारण तिनं हिशेब मांडला. फिरत्या डिस्कवर चुकीचं पान काढलं की आठ-दहा मिलिसेकंदांचा फटका बसायचा. एनव्हीएमईवर तेच शंभरेक मायक्रोसेकंदांत निभावतं. उलट माझ्या कॅशमधल्या देखण्या याद्यांपायी प्रत्येक हिटला, म्हणजे मागितलेलं पान कॅशमध्ये सापडलं की, कुलूप घ्यावं लागतं आणि सगळे कोर त्या कुलपापाशी ताटकळतात.

अठ्ठ्याण्णव टक्के हिट रेशोचा आलेख मी कितीतरी सभांत मिरवलाय. त्यातले बहुतेक टक्के कुठल्याही भोळ्या कॅशला आयते मिळतात, हे कुणी विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही.

आता तिनं याद्या उडवून साधा क्लॉक बसवणारा पॅच पाठवलाय: हिट झाला की एक बिट लावायचा, कुलूप नाही. मी रिव्ह्यूत शेरा मारला, ‘बॅकअपनंतरच्या सकाळचे आकडे दाखव.’ शेरा रास्त आहे. पण ते आकडे वाईट यावेत, अशी माझी मनापासून इच्छा आहे.