मोरीचं पाणी

आमच्या परसात किती झाडं जगायची हे जागेवर कधीच ठरलं नाही. घरात किती माणसं अंघोळ करतात, त्यावर ते ठरायचं. राहुरीच्या गावठाणातलं आमचं घर पुढून अरुंद आणि मागे लांब. ओसरी, माजघर, स्वयंपाकघर ओलांडून मागचं दार उघडलं की दीड गुंठ्याचा परस. न्हाणीचं पाणी भिंतीतल्या भोकातून दगडी पन्हळीवर पडायचं आणि तिथून मातीच्या दांडानं पुढे जायचं. पहिलं आळं कर्दळीचं, मग अळू, मग केळी, शेवटी कुंपणाकडेचा शेवगा. हा क्रम आजीनं लावला होता आणि तो बदलायची कुणाची हिंमत नव्हती.

राहुरीला वर्षाकाठी पाऊस पडतो सरासरी 520 मिलिमीटर. एका गुंठ्यावर त्याचं पन्नास हजार लिटरच्या वर पाणी होतं. पण ते पडतं पावसाळ्यात, त्यातही बरंचसं सप्टेंबरात, आणि काळी माती भरून उरलेलं ओढ्याला जातं. सात माणसांच्या अंघोळीचं पाणी रोज शंभर लिटर धरलं, तर वर्षाचं साडेछत्तीस हजार होतं. आकडा लहान, पण हे पाणी रोज येतं. वैशाखातही येतं, पाऊस दडी मारून बसला तरी येतं. उन्हाळ्यात एका केळीला दिवसाला पंधरा-वीस लिटर लागतात. म्हणजे आमच्या घराच्या अंघोळीवर चार-पाच केळी आणि अळूची एक ओळ, एवढंच बसतं. मी हा हिशेब मोठेपणी कागदावर मांडला. आजीच्या परसात केळी तेवढ्याच होत्या, आणि नवा पिलवा फुटला की ती तो खणून शेजारी देऊन टाकायची.

सकाळी दारं धरायचं काम माझ्याकडे असे. वडील शाळेत शिक्षक. त्यांची अंघोळ पहिली. आत तांब्यानं पाणी ओतल्याचा आवाज आला की इकडे खुरपं घेऊन बसायचं. पाणी आधी मळकट फेसाचं येई, मग कोमट, वाफाळतं, आणि थंडीत त्या वाफेला ओल्या मातीचा आणि शिकेकाईचा मिळून एक वास असे. अळूचं आळं काठोकाठ भरलं की खुरप्यानं मातीचा बांध फोडायचा, तेच ढेकूळ उचलून आळ्याच्या तोंडाशी दाबायचं आणि पाणी केळीकडे वळवायचं. ढेकूळ कोरडं असेल तर विरघळून जाई, म्हणून ते ओलंच उचलावं लागे. मधल्या काकाची अंघोळ लांबायची. त्याच्या वेळेला शेवग्यापर्यंत पाणी पोचायचं.

सगळं पाणी सारखं नाही, हे त्या परसात शिकले. अंघोळीचं पाणी कर्दळ, अळू, केळ यांना. कोथिंबीर, मेथी, चुका, म्हणजे ज्यांचं पान थेट ताटात येतं, त्यांना आडाचं ताजं पाणी, तेही हातानं शिंपडून. डाळ-तांदळाचं धुवण कढीपत्त्याला. धुण्याचं पाणी कशालाच नाही. धुणं नदीवर, मुळेला. भांड्यांचं पाणी मात्र वेलांना चालायचं, कारण भांडी राखेनं घासली जात. न्हाणीतल्या तांब्याच्या बंबाखाली काटक्या, तुरीचे खुंट, शेंगांची टरफलं जळत आणि रोज ओंजळभर राख निघे. तिला चार वाटा होत्या. थोडी भांड्यांना, थोडी वालाच्या वेलावर मावा पडला की सकाळच्या दवात भुरभुरायला, थोडी आळ्यात, आणि शेवटची गाडग्यात: वाल, दोडका, भोपळा यांचं पुढच्या वर्षीचं बी त्या राखेत राही. आमच्याच जिल्ह्यातल्या, अकोले तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांना 2020ची पद्मश्री जाहीर झाली, ती देशी वाणांचं बी जपल्याबद्दल. ती बातमी वाचल्यावर आई पहिल्यांदा म्हणाली, "आपल्या गाडग्यांचं काय झालं गं?"

1972च्या दुष्काळात मी शाळकरी होते. आडाच्या तळाला गेलेलं पाणी वाटीनं भरून घ्यावं लागे. माणसं दुष्काळी कामांवर खडी फोडायला गेली; शाळेत सुकडी मिळू लागली; रेशनवर मिलो आला. अंघोळी दिवसाआड झाल्या, तांब्या-दोन तांब्यांत उरकू लागल्या, आणि परसात ते लगेच दिसलं. आधी अळू माना टाकून बसलं. मग केळी एकेक करून वाळल्या. शेवगा तेवढा उभा राहिला. त्याची मुळं खोल गेली होती. त्या वर्षी मिलोच्या तांबड्या भाकरीबरोबर शेवग्याच्या पाल्याची भाजी आम्ही किती खाल्ली याला गणती नाही. आई पाला ओरबाडताना प्रत्येक फांदीचा शेंडा राखायची. शेजारच्या दोन घरांनाही त्याच झाडाचा पाला जायचा.

त्याच सुमाराला बारागाव नांदूरजवळचं मुळा धरण पुरं झालं. 26 टीएमसीचं धरण, ज्ञानेश्वर सागर असं त्याचं नाव, उजवा आणि डावा असे दोन कालवे. गावाबाहेर 1968 साली स्थापन झालेलं कृषी विद्यापीठ वाढू लागलं होतं. राहुरी फॅक्टरीचा साखर कारखाना त्याआधीपासून होताच. कालवा आला तसा ऊस पसरला. तालुक्याचं रूप पालटलं, पोरं शिकली, माड्या उठल्या. हे सगळं चांगलंच झालं. पण उसाचं टन कारखान्याच्या काट्यावर मोजलं जातं, कांद्याची गोणी बाजार समितीत मोजली जाते, आणि परसातल्या अळूची, शेवग्याची, घोसाळ्याची नोंद कुठेच होत नाही. सातबारा शेताचा असतो. गावठाणातल्या परसाला फार तर घराच्या उताऱ्यात 'मोकळी जागा' म्हणतात. त्या मोकळ्या जागेनं आमच्या घरातल्या बायकांच्या हातात एक सत्ता दिली होती. काय लावायचं, कुणाला द्यायचं, कुठल्या झाडाला पाणी तोडायचं, हे ठरवताना आजीनं किंवा आईनं कधी कुणा पुरुषाला विचारलं नाही. वडिलांचा पगार कसा खर्चायचा यात त्यांना एवढा शब्द नव्हता.

मग घरात गॅस आला. आईच्या डोळ्यांतलं पाणी थांबलं, तिचा खोकला गेला. मी त्या दिवसाला आजही दुवा देते. पण चूल गेली, पाठोपाठ बंब अडगळीत गेला, आणि राख संपली. राख नाही म्हणून भांड्यांना पावडर आली. त्याच सुमाराला धुण्याची पिवळी पावडर स्वस्त झाली, नळ घरात आला, आणि मुळेवर जाणारं धुणं न्हाणीत येऊन बसलं. आधी सगळ्यांना आनंदच झाला, कारण पाणी दुप्पट झालं होतं. त्या वर्षी काकानं दांड पुढे वाढवला आणि दोन लिंबं लावली.

दोन-तीन वर्षांत मातीचा पोत बिघडला. काळी माती वाळली की भेगाळते, त्याची आम्हाला सवय होती. हे वेगळं होतं. पाणी आळ्यात तासन्‌तास तुंबून राही, वाळल्यावर वर पापुद्रा धरी, पायाखाली टणक लागे. खुरपं मारलं तर कपची उडे. अळूच्या पानांच्या कडा करपल्या, लिंबं पिवळी पडली. थोरल्या भावानं मातीचा नमुना काढला. इंग्रजी 'व्ही'च्या आकाराचे खड्डे घेऊन, एका बाजूची माती वरपासून खालपर्यंत सारखी तासून, ती गोणपाटावर मिसळून, चार वाटे करून समोरासमोरचे दोन टाकत टाकत शेवटी अर्धा किलो. तपासणीत सामू साडेआठच्या वर निघाला. माती चोपण झाली होती.

चोपण हे आमच्या तालुक्याला नवं नाही. कालव्याखाली पाण्याचा निचरा नसलेल्या कितीतरी जमिनी अशाच गेल्या. कारण एकच: काळ्या मातीच्या कणांना कॅल्शियम धरून ठेवतं, मातीला भुसभुशीत रवाळपणा येतो, तो त्यामुळे. कपड्यांच्या पावडरीतला सोडा म्हणजे सोडियम; ते येऊन कॅल्शियमची जागा घेतं, कण सुटे होतात आणि मातीची छिद्रं लिंपली जातात. शेतात जे कालव्याच्या पाण्यानं आणि निचऱ्याअभावी घडलं, ते आमच्या दीड गुंठ्यात धुण्याच्या पाण्यानं घडलं. मला तेव्हा लख्ख कळलं की परस हा घराच्या बाहेर नसतोच. न्हाणीत काय वापरतो, भांडी कशानं घासतो, चुलीत काय जाळतो, हे सगळं दांडावाटे मातीत जाऊन बसतं. भाजी पिकवायची तर आधी घरातलं वागणं बघावं लागतं.

जिप्सम टाकलं, शेणखत टाकलं, चर खणून निचरा केला. जिप्सममधलं कॅल्शियम सोडियमला हुसकावतं, पण ते सोडियम खाली वाहून न्यायला चांगलं पाणी लागतं, आणि ते फक्त आभाळातून येतं. म्हणून माती सुधारायला पावसाळ्यांची वाट पाहावी लागली. मधल्या काळात गल्लीत बंद गटार झालं, मोरीला पाइप लागला, आणि दांड बुजला. आजी तोवर गेली होती.

मी लग्न होऊन पुण्याला गेले. तिसऱ्या मजल्यावरच्या घरात पाणी नळातून येई आणि जाळीतून नाहीसं होई. मध्ये कुठे माती नव्हती. गॅलरीत कुंड्या होत्या, धुवण मी त्यांना घालायचे. त्याच काळात श्री. अ. दाभोळकरांच्या 'प्रयोग परिवारा'विषयी वाचनात आलं. गारगोटी-कोल्हापूरकडचा हा गणिताचा प्राध्यापक सांगत होता की दहा गुंठ्यांत एका कुटुंबाचं पोषण भागू शकतं, फक्त ऊन, पाणी आणि पालापाचोळा यांचा हिशेब नीट मांडायला हवा. गच्च्यांवर, पोत्यांत, मोडक्या बादल्यांत लोक त्यांच्या पद्धतीनं भाज्या पिकवत होते. मुंबईत 2002पासून पोर्ट ट्रस्टच्या कँटीनच्या गच्चीवर प्रीती पाटील यांनी कँटीनच्याच ओल्या कचऱ्यावर बाग उभी केली. हे सगळं मला जवळचं वाटायचं, कारण हीच नजर आजीची होती: घरातून बाहेर पडणारी कुठलीच गोष्ट शेवटची नसते.

आता आईच्या म्हातारपणामुळे माझा निम्मा मुक्काम राहुरीत असतो, आणि परस पुन्हा उभा आहे. हे श्रेय माझ्या वहिनीचं. ती सोनईची, शेतकऱ्याच्या घरची, आली तेव्हा तिनं भोक बुजवलेली भिंत पाहिली आणि विचारलं, "अंघोळीचं पाणी गटारात कशापायी सोडू राहिलेत?" न्हाणीघर नव्यानं बांधताना तिनं गवंड्याकडून दोन पाइप काढून घेतले. धुण्याच्या मशीनचं पाणी गटाराला. अंघोळीचं एका टाक्यात. टाक्यात तळाशी गोटे, त्यावर खडी, त्यावर जाड वाळू आणि कोळसा. वरच्या थरावर साबणाची साय धरते, ती आठवड्याला खरवडावी लागते. त्यातून निघालेलं पाणी आधी कर्दळीच्या वाफ्यात मुरतं, मग पुढे. घरात माणसं आता चार, म्हणून केळी दोनच. जागा उरते तिथे विद्यापीठातून आणलेलं 'साई सरबती' लिंबू आहे, 'फुले ज्योती' मिरची आहे, झुबक्यांनी लागते. बोअरचं पाणी मचूळ आहे, ते वहिनी झाडांना दाखवतसुद्धा नाही.

आई पंच्याऐंशीच्या पुढे आहे. मागच्या दारात खुर्ची टाकून बसते, आणि दांडातलं पाणी कुठे अडलं हे तिला आवाजावरून कळतं. "केळीपाशी तुंबलं बघ," म्हणते, आणि जाऊन पाहावं तर खरंच तिथे पाचोळा अडकलेला असतो. वालाचं बी मात्र आमच्या घरातून गेलं ते गेलंच. वहिनीनं माहेरून आणलंय, जांभळ्या कडेच्या शेंगेचं, आणि ते पुन्हा राखेत ठेवलंय. नात्यातल्या एकाचं गुऱ्हाळ आहे. तिथून चिपाडाच्या राखेची गोणी येते, तिकडे वालाच्या शेंगा जातात.

वाद सध्या स्वयंपाकघरातल्या सिंकवरून आहे. त्याचं पाणी पपईला घ्यावं असं वहिनीचं म्हणणं. त्यात तेलकटपणा असतो, मीठ असतं, द्यायचं नाही, असं आईचं. दोघींचंही खरं आहे. भाच्यानं मधला मार्ग म्हणून पाइपाला एक कॉक बसवून दिलाय. राखेनं भांडी घासली तर पपईकडे, साबणानं घासली तर गटाराकडे. कॉक फिरवायचं काम ज्यानं भांडी घासली त्याचं, आणि गेल्या महिन्यापासून संध्याकाळची भांडी भाच्याकडे आहेत.