रुपयाचा मुस्तफा

नव्वदच्या दशकात अकोल्यात व्हिडिओ गेमचं पार्लर म्हणजे एक अरुंद गाळा, दोन-तीन लाकडी मशिनी आणि त्यांच्याभोवती पोरांचं कडं. रुपयाला एक कॉइन. आमच्या लाडक्या मशीनवरच्या गेमचं नाव होतं ‘कॅडिलॅक्स अँड डायनासोर्स’. जपानच्या कॅपकॉमनं तो १९९३ साली काढला. पण हे नाव कधी कुणाच्या तोंडी आलं नाही. पिवळी टोपी घातलेला मुस्तफा सगळ्यांचा आवडता, म्हणून अख्खा गेमच ‘मुस्तफा’. हात बसलेला पोरगा एकाच कॉइनवर तासाभरात सगळ्या स्टेज पार करायचा. नवख्याचा रुपया पहिल्या स्टेजलाच जायचा.

मशीनवाल्याचा धंदा त्यावरच चालायचा. खेळ लवकर संपला की पुढचा कॉइन पडणार. बाबांना हे कधीच पटलं नाही. “कायले पैसे घालतं बे त्या डब्ब्यात?” हा त्यांचा ठरलेला प्रश्न. पण त्या एका रुपयात खेळणारा एक आणि बघणारे सात-आठ असत. “खालून मार बे, खालून!” असं मागून ओरडणाऱ्याचा खिसा रिकामा असला, तरी डाव त्याचाही असायचा.

पुढे टीव्हीला जोडायचा गेम घराघरात आला. त्याच्या कार्ट्रिजला आम्ही कॅसेट म्हणायचो. चालली नाही की काढायची, तळाशी जोरात फुंकर मारायची, पुन्हा दाबून बसवायची. ‘कॉन्ट्रा’ हा गेम येणाऱ्याला अर्ध्या तासात संपतो, पण आम्हाला तो अख्खी सुट्टी पुरला. तीस लाईफ मिळवायचा कोड, दोनदा वर, दोनदा खाली, मग डावं-उजवं, डावं-उजवं, वहीच्या मागच्या पानावर उतरलेला असे. मे महिन्यात दुपारी रस्त्यावर कुत्रं नसायचं, तेव्हा कूलरसमोर बसून तीच स्टेज पुन्हा पुन्हा खेळायची. कंटाळा आला की कॅसेट शेजारच्या गल्लीत जायची आणि तिथली दुसरी आमच्याकडे यायची. एकाच्या बापानं विकत घेतलेली कॅसेट वर्षभरात किती घरं फिरायची, त्याचा हिशेब कुणी ठेवत नसे.

हे सगळं आठवायचं कारण माझा भाचा. परवा तो वैतागून म्हणाला, “मामा, पाच हजाराचा गेम अन् दोन दिवसांत खतम झाला ना!”

त्याचं म्हणणं मला खरं वाटतं. २०२१ च्या सुरुवातीला पीएस-५ हा कन्सोल भारतात आला, तेव्हा त्याच्या मोठ्या गेमची किंमत ४,९९९ रुपये होती. २०२४-२५ च्या हंगामात सोयाबीनचा हमीभाव होता क्विंटलला ४,८९२. ज्याच्या घरी सोयाबीन पिकतं त्यानं तास मोजले, तर त्याला कोत्या मनाचा कसं म्हणायचं? ही तक्रार एकट्या वऱ्हाडाचीही नाही. २०१५ मध्ये ‘द ऑर्डर: १८८६’ हा साठ डॉलरचा गेम पाच-सहा तासांत संपतो म्हणून जगभर वाद झाला होता. दिसायला तो अप्रतिम होता, तरीही.

पण नुसते तास मोजले की छोटा गेम बनवणारा मरतो. स्टीम या गेमच्या ऑनलाइन दुकानात दोन तासांपेक्षा कमी खेळलेला गेम चौदा दिवसांच्या आत परत करता येतो. २०२१ मध्ये एका छोट्या निर्मात्यानं जाहीरपणे सांगितलं, की लोक माझा गेम दोन तासांच्या आत पूर्ण खेळतात, चांगला म्हणतात आणि पैसे परत घेतात. त्यानं काम थांबवायचं ठरवलं. ते वाचून मी अस्वस्थ झालो.

आपल्या पुण्यातल्या नॉडिंग हेड्स गेम्सचा ‘राजी’ असाच छोटा. २०१७ मध्ये किकस्टार्टर या लोकवर्गणीच्या साइटवर त्यासाठी पुरेसे पैसे जमले नाहीत, तरी मंडळींनी तो २०२० मध्ये आणलाच. हरवलेल्या भावाला शोधणारी मुलगी, तिच्या पाठीशी दुर्गा आणि विष्णू, मधूनच सावल्यांच्या बाहुल्यांतून सांगितलेली पुराणकथा. चार-पाच तासांत संपतो आणि शेवट अर्धवट सोडल्यासारखा वाटतो, हे खरंय. तरी मी त्यातल्या भिंतींवरची चित्रं बघत थांबून राहायचो, पुढं जावंसंच वाटायचं नाही. शंभर तासांचे गेम मी सुरू केलेत. त्यांतला निम्मा वेळ घोड्यावरून माळ तुडवण्यात गेला, आणि आज त्यांतलं काही डोळ्यासमोर येत नाही.

म्हणून माझं भांडण लांबीशी नाहीच. मला खटकतं ते हे, की डाउनलोड करून घेतलेला गेम खेळून झाला तरी विकता येत नाही, की कुणाशी बदलून घेता येत नाही. आता डिस्कची खाचच नसलेले कन्सोलही मिळतात. चार पैसे वाचवायचे म्हणून पोरं तेच घेतात आणि मग प्रत्येक गेमला पूर्ण किंमत मोजत बसतात. भाच्याला मी एवढंच सांगितलं, की पुढच्या वेळी डिस्क घे. त्यानं जठारपेठेतल्या तीन दोस्तांना गाठलं, वर्गणी ठरली, आणि पहिल्यांदा कुणी खेळायचं यावर आता त्यांची रोज जुंपते.