लासुर्ण्याचा अडुळसा

बारामतीहून इंदापुराकडे निघाले की भवानीनगरानंतर लासुर्णे लागते. गेल्या माघात आमच्या वडील भगिनींच्या भेटीस आम्ही तेथे गेलो होतो. हा मूळचा अवर्षणाचा मुलूख. नीरेच्या डाव्या कालव्याने तो उसाचा केला. तोडणीच्या दिवसांत पेटविलेल्या पाचटाचा धूर सायंकाळी गावावर उतरतो, आणि मग घरोघर खोकल्याची ढास लागते.

भगिनींच्या परसास अडुळशाचे दाट कुंपण आहे. शेळी त्यास सहसा तोंड लावीत नाही, म्हणून कुंपणास तो उत्तम. पांढरे फूल सिंहाच्या जबड्यासारखे उघडते म्हणून संस्कृतात 'सिंहास्य'. वासा, वृष, आटरूषक ही त्याचीच नावे. पाने नुसती कुटून रस सहज सुटत नाही. ती वाफवून पिळावी लागतात. यातील वासिसीन या द्रव्याच्या धर्तीवरच रसायनज्ञांनी कफ पातळ करणारे ब्रोमहेक्सीन सिद्ध केले. तेव्हा आजीबाईचा बटवा पोकळ होता असे कोणी समजू नये.

संध्याकाळी अक्कांनी काढा उकळला आणि पेला नातसुनेपुढे केला. तिला सहावा महिना. आम्ही पेल्यावर हात ठेविला.

"मास्तर झालास म्हणून घरातही शाळा भरवतोस होय रे?" अक्का कडाडल्या. "झाडपाल्याने कधी कोणाचे वाईट झाले आहे?"

चीनमध्ये खोकल्या-दम्यावर माहुआंग ही वनस्पती शतकानुशतके देत आले. तिच्यातील एफेड्रीनने रक्तदाब वाढतो, हृदय धडधडते, आणि अमेरिकेने २००४ साली तिची पूरक औषधे विकण्यास बंदी केली. हे आम्ही सांगितले; अक्कांवर परिणाम शून्य! शेवटी विचारले, "अक्का, प्रसूती सुलभ व्हावी म्हणून जुन्या वैद्यकग्रंथांत कशाच्या मुळाचा लेप सांगितला आहे?"

त्या थबकल्या. "अडुळशाच्या," हळूच म्हणाल्या. वासिसीनने गर्भाशय आकुंचन पावतो, हे मग निराळे सांगावे लागले नाही. सुनेस मिठाच्या कोमट पाण्याच्या गुळण्या दिल्या.

"मग गड्याला तरी देऊ ना? महिनाभर खोकतो आहे."

हे ऐकून आम्ही अधिकच दचकलो. दोन आठवड्यांवर टिकलेल्या खोकल्यास थुंकीची तपासणी हवी. क्षयाचे जंतू काढ्याने मरत नाहीत, आणि खोकला तेवढा हलका झाला तर माणूस निदानाला उशीर करतो. सरकारी दवाखान्यात तपासणी व क्षयाचे औषध दोन्ही विनामूल्य आहेत. सकाळच्या एस.टी.ने गडी व सूनबाई दोघांनाही डॉक्टरांकडे धाडावयाचे ठरले.

उरलेला काढा अक्कांनी स्वतःच पिऊन टाकला, आणि दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत आमच्याशी बोलल्या नाहीत.