खाचरावरचं पाणी

मोटारसायकलवरून आलेल्या पोरांनी माझ्या डोळ्यांदेखत एका म्हाताऱ्याची वेळूची काठी गुडघ्यावर घेऊन मोडली आणि मग मला हात करून म्हणाले, ‘साहेब, तुम्ही खुशाल फिरा.’ याला बरेच महिने झाले. चाकणच्या चौकात गाडीत अडकून पडलो की काठी मोडल्याचा आवाज अजून कानात येतो आणि संताप होतो. म्हणून लिहितोय. हे ज्या धरणावर घडलं त्याचं नाव लिहीत नाही, कारण त्या माणसाला पुन्हा त्याच काठावर बसायचं आहे.

मी मूळचा सांगलीचा. कृष्णेच्या काठी वाढलेल्या माणसाला पाण्याची ओढ का असते हे समजावत बसण्यात अर्थ नाही. नदीला पाणी चढलं की होड्यांच्या शर्यती, उतरलं की गळ, यातच शाळेची वर्षं गेली. नोकरीनं महाळुंग्याला आणलं. महाळुंगे इंगळे, चाकण-तळेगाव रस्त्यावरचं, बालेवाडीजवळचं नव्हे. हवा भरायची कयाक मागवली तेव्हा तिचं खोकं आधी त्या दुसऱ्या महाळुंग्याला जाऊन आलं, हे इथल्या प्रत्येकाच्या नशिबी एकदा येतंच. घडी केली की कयाक डिकीत मावते, पंपानं हवा भरायला दहा मिनिटं लागतात. एक वल्हं, एक जॅकेट, एक गळाची काठी. एवढ्यावर माणूस सुखी होऊ शकतो, असं मला तेव्हा वाटत होतं.

नकाशा उघडला तर या पट्ट्यासारखं पाणी पुणे जिल्ह्यात दुसरीकडे शोधावं लागेल. दक्षिणेला इंद्रायणी, उत्तरेला भामा, तिच्या पलीकडे भीमा आणि चासकमान. पश्चिमेला मावळात आंद्रा, वडिवळे, जाधववाडी, पवना. सुट्टीच्या दिवशी पहाटे निघालं तर यातलं बहुतेक पाणी तासाभरात गाठता येतं. कारखाने, गोदामं, कंटेनर यांच्या गर्दीत राहणाऱ्या लाखो लोकांना हे पाणी इतकं जवळ आहे याचा पत्ताच नसतो. पण जवळ असणं वेगळं आणि उतरायला मिळणं वेगळं.

पहिली इंद्रायणी, कारण ती दारातच आहे. निघोजे, मोई, कुरुळी या बाजूला कोल्हापूर पद्धतीचे बंधारे आहेत. पावसाळा संपला की त्यांचे ढापे बसवतात आणि वरच्या अंगाला लांबवर पाणी तुंबतं. वल्हवायला असं संथ पाणी फार छान. पण दिवाळीनंतरचे थोडेच आठवडे ते मोकळं असतं. मग जलपर्णी येते आणि संक्रांतीनंतर नदी आहे की हिरवं शेत आहे ते कळत नाही. वल्हं मारलं की पात्याला मुळ्या गुंडाळतात. आणि वास. गावांचं, शहराचं सांडपाणी आणि कारखान्यांचं पाणी मिळून या नदीचं काय झालंय ते आळंदीला जाऊन बघावं. घाटाखाली पांढरा फेस तरंगत असतो आणि त्याच पाण्यात वारकरी श्रद्धेनं ओंजळ भरतात. मला तिथे बघवत नाही. याच नदीच्या उगमाच्या मुलखात, लोणावळ्याला वळवण तलावाकाठी, टाटांच्या केंद्रात १९७० च्या दशकापासून महसीरची पिल्लं वाढवून देशभर पाठवली गेली. ज्या नदीच्या वरच्या अंगाला महसीरसारख्या स्वच्छ पाण्यातल्या माशाची जपणूक झाली, त्याच नदीत खाली मी गळ टाकला आणि वर आली ती चिलापी. ती मी सोडून दिली. इंद्रायणीतला मासा घरी नेऊ नका, हे सगळ्यांना कळकळीनं सांगतो.

त्यातच आणखी एक गोष्ट. आंद्रा धरणातून इंद्रायणीत सोडलेलं पाणी निघोज्याच्या बंधाऱ्यावर उचलतात, चिखलीच्या केंद्रात शुद्ध करतात आणि ते पिंपरी-चिंचवडकर पितात. बंधाऱ्याजवळ एकानं मला हटकलं, ‘पिण्याचं पाणी आहे, इथं नाव घालू नका.’ मला ते पटलं आणि पटलंही नाही. माझ्या रबरी कयाकनं पाणी खराब होतं आणि वरून येणाऱ्या नाल्यांनी होत नाही, हे मानायचं कसं?

पवनेवर थेरगावला महापालिकेचा बोट क्लब आहे, केजुदेवीच्या बंधाऱ्याजवळ. नदी धड असती तर मी दर आठवड्याला तिथेच गेलो असतो. पुण्यात तर जुनी परंपरा आहे. बंडगार्डनजवळचा रॉयल कॅनॉट बोट क्लब १८६८ चा, संगमाजवळचा अभियांत्रिकी महाविद्यालयाचा बोट क्लब १९२८ चा, आणि तिथल्या मुलांचा रेगाटा बघायला अजून लोक जमतात. आमच्या जवळच, दापोडीला, लष्कराच्या अभियांत्रिकी महाविद्यालयात (सीएमई) रोइंगचं केंद्र आहे. चांदवड तालुक्यातल्या तळेगाव रोहीचा दत्तू भोकनळ फौजेत गेला, वल्हं हातात धरायला शिकला आणि २०१६ मध्ये रिओ ऑलिंपिकला तेराव्या क्रमांकापर्यंत पोहोचला. दुष्काळी गावातला पोरगा! हे सगळं अभिमानाचं आहे. पण क्लबला सभासदत्व लागतं, छावणीला फाटक असतं. शिफ्ट करून आलेल्या माणसानं सकाळी दोन तास कुठे जायचं, याचं उत्तर त्यात नाही. कोलाडला कुंडलिकेवर जा, असं सगळे सांगतात. भिऱ्याच्या वीजकेंद्रातून पाणी सुटलं की तिथे राफ्टिंग होतं, कयाकही मिळते. मी जाऊन आलो, मजा आली. पण घाट उतरून जायचं म्हणजे ती सहल झाली. मला रोजचं पाणी हवं होतं.

म्हणून धरणांचा फुगवटा. मुख्य भिंतीजवळ अजिबात जायचं नाही, तिथे पहारा असतो आणि असलाच पाहिजे. पण भिंतीपासून लांब, डोंगराच्या पोटात पाणी शिरतं तिथे गावचे लोक गुरं पाजायला आणतात, बाया धुणी धुतात. अशाच एका फुगवट्यावर मला हवी ती जागा मिळाली. स्वच्छ पाणी, पाणकावळे, टिटव्या, हिवाळ्यात सकाळी पाण्यावर धुकं. काठावर तो म्हातारा असायचा. सत्तरीचा असेल. वेळूची काठी, तंगूस, पिसाच्या देठाचं बोंडूल, आमिषाला गांडूळ. मी कयाकमध्ये हवा भरत असताना तो बघत बसायचा. दुसऱ्या-तिसऱ्या भेटीत बोलायला लागला.

‘साहेब, तुमची होडी आत्ता जितं हुती ना, त्याच्या खाली आमचं भाताचं खाचर हाये,’ तो म्हणाला. ‘पलीकडं वड्याच्या कडंला आंबा हुता. पाणी खाली गेलं की अजून खोड दिसतंय.’

धरणात जमीन गेली, पैसे मिळाले ते भावाभावांत आणि लग्नांत संपले, बदली जमीन कागदावर राहिली. मुलगा एमआयडीसीत कंत्राटावर. ही कहाणी एकट्याची नाही. भामा आसखेडच्या धरणग्रस्तांनी पर्यायी जमिनीसाठी किती वर्षं आंदोलनं केली, पुण्याच्या जलवाहिनीचं काम किती वेळा अडवलं, हे खेड तालुक्यात सगळ्यांना ठाऊक आहे. २०२१ च्या सुरुवातीला पाणी खराडी-वडगाव शेरीकडे पोहोचलं. लोकांच्या जमिनीचं काय झालं, ते त्यांनाच विचारा.

त्या दिवशी त्याला दोन चिलाप्या आणि एक मरळ मिळाली होती. मरळ चांगली हातभर. तो खूश होता, नातवंडं येणार होती. मी पाण्यात होतो. मोटारसायकलवरून तिघं आली. ठेकेदाराची पोरं, असं तो नंतर म्हणाला. खरं तर जलाशयातल्या मासेमारीचा ठेका सहसा मच्छीमारांच्या सहकारी संस्थेला मिळतो. पण काठावर जो हुकूम चालवतो त्याला लोक ठेकेदारच म्हणतात. एकानं पिशवी उचलली, मासे बघितले, स्वतःच्या गोणीत टाकले. म्हातारा उठून उभा राहिला. तो ओरडला नाही. ‘अरं, मरळ तेवढी राहू दे,’ एवढंच म्हणाला. दुसऱ्यानं काठी घेतली आणि मोडली. तंगूस तोडून गळ खिशात घातला. गळसुद्धा! दहा-वीस रुपयांचा गळ.

मी जोरात वल्हवत काठाला आलो. माझ्या कयाकमध्ये गळाची काठी उघडी पडलेली होती, रीळ लावलेली, चकाकणारी. त्यांना ती दिसली. तेव्हाच ते म्हणाले, साहेब तुम्ही खुशाल फिरा, फक्त मासं धरू नका. मला साहेब! त्या पाण्याखाली माझी एक गुंठाही जमीन नाही. मी परगावचा, फ्लॅटवाला, पगारी माणूस. माझी काठी त्याच्या काठीच्या पन्नासपट किमतीची, आणि तिला कुणी हात लावला नाही.

मी त्यांच्याशी भांडलो. पावती मागितली, ओळखपत्र मागितलं, मासे जप्त करायचा अधिकार कुणी दिला ते विचारलं. त्यातला मोठा शांतपणे बोलला. संस्थेनं पैसे भरून पाणी घेतलंय, बोटुकली विकत आणून सोडली, रोहू-कटला वाढायला वर्ष जातं, आणि रात्री लोक जाळी टाकून उचलून नेतात. ‘आमीबी इथलेच हाये साहेब. आमच्या पोटावर कोण बघणार?’ मला त्याचं म्हणणं खोटं वाटलं नाही, आणि तेच आज जास्त सलतं. पण पुन्हा विचार करतो तेव्हा हिशोब जुळत नाही. त्यांनी सोडले रोहू, कटला, मृगळ. चिलापी त्यांनी सोडलेली नव्हे. तो आफ्रिकेतला मासा १९५२ मध्ये भारतात आणला आणि मग तो तळ्यातळ्यांत पसरला. मरळ तर इथलीच, धरण नव्हतं तेव्हा ओढ्यात असायची. म्हाताऱ्याच्या पिशवीत संस्थेचा एकही मासा नव्हता. आणि एका गळानं माणूस दिवसाला खाणार किती? रात्री जाळी टाकणाऱ्यांना ही पोरं अडवतात का? की दिवसा काठावर एकटा बसलेला म्हातारा सापडतो, म्हणून त्यालाच धरायचं?

मी त्याला माझी काठी देऊ लागलो. त्यानं घेतली नाही. ‘ही बघितली तर आजून मारतील,’ म्हणाला आणि मोडक्या काठीचे दोन्ही तुकडे उचलून घराकडे निघाला. पोलिसांत जाऊ म्हटलं तर हात जोडले. मी पुढे एका कार्यालयात जाऊन विचारलं की धरणग्रस्त माणसाला स्वतःच्या खाण्यापुरता गळ टाकता येतो का. उत्तर या टेबलावरून त्या टेबलावर फिरलं. पाणी एका खात्याचं, मासे दुसऱ्याच्या ठेक्यातले, काठ कुठे वन विभागाचा, कुठे खासगी. कयाकबद्दल विचारलं तर समोरच्यानं आधी कयाक म्हणजे काय ते विचारलं. मी मोबाइलवर फोटो दाखवला.

माझं मत स्पष्ट आहे. ज्याची जमीन पाण्याखाली गेली, त्याच्या घराला त्या पाण्यात हातगळानं मासा धरायचा हक्क असला पाहिजे, ठेका कुणाचाही असो. संस्थेचं यात काही बुडत नाही.

आणि आमच्यासारख्यांसाठी दोन गोष्टी, कारण ओळखीतले बरेच जण विचारतात. जुलै ते सप्टेंबर नदीत उतरू नका. धरणातून विसर्ग सोडला की काठ अर्ध्या तासात बदलतो. बंधाऱ्याच्या खालच्या अंगाला कधीच नाही. पाणी पडतं तिथला भोवरा पोहणाऱ्यालाही वर येऊ देत नाही. इंद्रायणीवर कुंडमळ्याला १५ जून २०२५ ला जुना पूल कोसळून चार जीव गेले. तिथले रांजणखळगे तर पुलाच्याही आधीपासून माणसं गिळताहेत. आणि जॅकेट घालाच. २०२४ च्या मे महिन्यात उजनी धरणात बोट उलटून सहा जण बुडाले. वारा काही मिनिटांत उठला होता. फुगवट्यावर दुपारनंतर वारा सुटतो, म्हणून सकाळी दहाच्या आत काठाला लागावं.

जागा मात्र सांगत नाही. कंपनीतल्या चौघांनी विचारलं, मी विषय बदलला. वर मीच लिहिलं की लाखो लोकांना पाणी जवळ असल्याचा पत्ता नसतो, आणि ते लिहिताना मला वाईट वाटत होतं. पण पवना धरणाच्या काठाचं पर्यटकांच्या तंबूंनी काय केलंय ते बघितल्यावर वाटतं, पत्ता नाही तेच बरं. स्पीकर, बाटल्या, थर्माकोलच्या थाळ्या. कयाक भाड्यानं देणारा एक आला की मागून दहा येतील आणि मग म्हाताऱ्याला काठावर बसायलाही जागा उरणार नाही.

संबंधित खात्याला द्यायचा अर्ज मी तयार केला होता. पहिली मागणी धरणग्रस्तांच्या हातगळाची. दुसरी, इंजिन नसलेल्या छोट्या नावांना फुगवट्यावर ठरलेल्या जागी, ठरलेल्या वेळेत उतरू द्यावं. म्हाताऱ्याच्या मुलाला वाचून दाखवला. तो म्हणाला, ‘दादा, दुसरं मंजूर झालं तर पयले हॉटेलवाले येतील. आमचं पयलं मंजूर व्हायला आमची पोरं म्हातारी होतील.’ त्याच रात्री दुसरी मागणी खोडली. आठवड्यानं, इंद्रायणीच्या जलपर्णीत अडकून परत आलो तेव्हा पुन्हा लिहिली. शेवटी पहिलीच तेवढी टपालानं पाठवली. पोच आली आहे, उत्तर आलेलं नाही. दुसऱ्या मागणीचा कागद तसाच आहे. तो पाठवायचा की फाडायचा ते मला अजून ठरवता येत नाही.