आंबोळीचा हिशेब

हल्ली आपल्या वस्त्यांतल्या मुलांनाही पॅनकेक ठाऊक झाला आहे. मोबाइलवर पाहतात आणि आईच्या मागे लागतात, की तसा जाड, मऊ, कापसासारखा करून दे. मैदा, अंडे, दूध आणि बेकिंग पावडर एवढ्यावर तो होतो. त्यात वाईट काही नाही. परंतु त्याच मुलांच्या आजीने जन्मभर त्याहून हलकी वस्तू तव्यावरून उतरवली आहे, हे त्यांना कोणी सांगत नाही. ती वस्तू म्हणजे आंबोळी.

देशावरच्या आणि विदर्भातल्या भगिनींना धिरडे ठाऊक असते. कोकणातले घावन म्हणजे नुसत्या तांदळाचे, न आंबवलेले, पातळ. आंबोळी मात्र जाड, रात्रभर आंबवलेल्या पिठाची, एकाच बाजूने भाजलेली आणि वरून पोळ्यासारखी जाळी पडलेली. सावंतवाडी-मालवणकडची माणसे गिरणीत कामाला आली, त्यांच्याबरोबर ती लालबाग-परळला आली. (घाटातले आंबोली गाव निराळे, त्याचा हिच्याशी संबंध जोडू नये.)

आमच्या घरचे माप असे. तीन वाट्या जाडा तांदूळ, रेशनचाही चालतो. एक वाटी उडीद डाळ, अर्धी वाटी जाडे पोहे, एक चमचा मेथी. तांदूळ एका भांड्यात, डाळ आणि मेथी दुसऱ्या भांड्यात, पाच-सहा तास भिजवावे. पोहे वाटण्याआधी थोडा वेळ भिजवले तरी पुरते. डाळ आधी आणि वेगळी वाटावी. येथेच बहुतेकांची घाई होते. डाळीचे वाटण वाटीभर पाण्यात थेंबभर सोडून पाहावे, तरंगले तर झाले, बुडाले तर अजून वाटावे. मिक्सरमध्ये वाटताना गार पाणी घालावे, कारण पाते तापते आणि पीठही तापते. मग तांदूळ किंचित रवाळ वाटून सर्व हाताने कालवावे. भांडे अर्धे रिकामे राहील एवढे मोठे घ्यावे, नाहीतर सकाळी ओटा पुसत बसावे लागते.

ही हलकी का होते, हे समजून घेण्यासारखे आहे. डाळ-तांदळावर डोळ्यांना न दिसणारे जिवाणू असतातच. ऊब आणि पाणी मिळाले की ते वाढतात, पिठात आंबटपणा आणतात आणि वायू सोडतात. मैद्याला स्वतःची ताणणारी चिकटी असते, तांदळाला ती नसते. म्हणून वायू धरून ठेवण्याचे काम उडदाच्या बुळबुळीत चिकटपणाला करावे लागते, मेथी त्याला हात देते. उडीद कमी पडला किंवा भरड राहिला, की वायू निघून जातो आणि आंबोळी चामड्यासारखी होते. मे महिन्यात मुंबईत सात-आठ तासांत पीठ फुगते, जानेवारीत बारा-चौदा तास लागतात. घड्याळाकडे पाहू नये, पिठाकडे पाहावे.

पाहुणे अचानक आले तर सोडा किंवा फ्रूट सॉल्ट घालतात. अडीअडचणीला ठीक. पण सोड्याचा वायू एकदम उठतो आणि एकदम जातो, आंबोळी गरम असेपर्यंत फुगलेली दिसते आणि ताटात बसते. सोडा जास्त झाला तर साबणासारखी चव लागते. रात्रीचे काम चमचाभर पांढरी पूड करू शकत नाही, असे माझे मत आहे.

तवा बिडाचा असावा. चांगला तापवून पाण्याचा शिपका मारावा, चर्र आवाज आला की अर्धा कांदा तेलात बुडवून तवाभर फिरवावा. फुगलेले पीठ ढवळू नये, वरून अलगद पळीने घ्यावे. मधोमध ओतावे आणि डोशासारखे पसरवत बसू नये. झाकण ठेवून मध्यम आचेवर दोन-तीन मिनिटे. वर जाळी पडली, ओलसर चमक गेली, की काढावी. उलटायची नाही. पहिली बहुधा चिकटते, आमची आई तिला तव्याची आंबोळी म्हणायची आणि स्वतःच खायची. सोबत काळ्या वाटाण्याचे सांबार.

आता आईबद्दल. 18 जानेवारी 1982 रोजी गिरण्यांचा संप सुरू झाला, सुमारे अडीच लाख कामगार घरी बसले. वडील त्यांत होते. मी तेव्हा लहान, हे सर्व तिच्याच तोंडून ऐकलेले. नायगावच्या चाळीतल्या दहा बाय बाराच्या खोलीत आईने आंबोळ्या करून विकायला सुरुवात केली. शेजारच्या गल्लीतल्या एका घरून रोज आठ आंबोळ्यांची मागणी होती. एके दिवशी त्या घरची बाई स्वतः पैसे द्यायला आली, उंबऱ्यातून तिने भिंतीवरचा बाबासाहेबांचा फोटो पाहिला, आणि दुसऱ्या दिवसापासून मागणी बंद झाली. भांडण नाही, शब्द नाही. पीठ तेच होते, आठवडाभर आवडीने खाल्लेले.

माझ्या आजोबांना हे नवीन वाटले नसते. ते गिरणीत रिंगखात्यात होते. साचाखात्यात पगार जास्त, पण तेथे आपल्या माणसांना मज्जाव. कारण धोट्यातून सूत तोंडाने ओढून घ्यावे लागे, आणि अस्पृश्याच्या तोंडचा धोटा दुसऱ्याला चालत नसे. 1928 च्या गिरणी संपाच्या वेळी बाबासाहेबांनी हा प्रश्न लावून धरला होता. ते स्वतः तेव्हा परळच्या बी. आय. टी. चाळीत राहत. धोट्याला लागलेले तोंड आणि तव्याला लागलेला हात, दोन्हींचा विटाळ एकाच वहीतला.

आई रडत बसली नाही. ती डबा घेऊन परळला चालत गेली, केईएम आणि टाटा रुग्णालयाच्या बाहेर. तेथे कोकणातून आलेले रुग्णांचे नातेवाईक फुटपाथवर रात्र काढून बसलेले असत. त्यांना गावची आंबोळी दिसली. "काकी, सांबार आणखी घाला" एवढेच ते बोलत. तिची जात कोणी विचारली नाही. आजारपणात माणूस शहाणा होतो की काय कोण जाणे, की उपाशी माणसाला वेळ नसतो.

मी बी. कॉम. झालो, कचेरीत लेजर लिहितो. आईची त्या वेळची वही माझ्याकडे आहे. तांदूळ, डाळ, वाटाणे, रॉकेल, मिळालेले पैसे, सर्व नोंदी चोख. पण सकाळी भिजवणे, संध्याकाळी तासभर रगडा फिरवणे, पहाटे चारला स्टोव्ह पेटवणे, याची एकही ओळ नाही. जमेच्या बाजूला जो नफा दिसतो ती खरे म्हणजे तिची मजुरीच, आणि तीही अपुरी. गिरणगावातल्या खानावळवाल्या बायकांची तीच गोष्ट. 1975 साली प्रेमा पुरव यांनी अन्नपूर्णा महिला मंडळ काढून या बायकांना बँकेचे कर्ज मिळवून दिले, तेव्हा कुठे स्वयंपाक हा धंदा आहे असे कागदावर आले. त्याआधी त्या सावकाराच्या व्याजात अडकलेल्या असत.

म्हणून भगिनींपेक्षा बंधूंना सांगतो. आंबोळीला लागणारा वेळ बहुतेक थांबण्याचा आहे, पण भिजवणे-वाटणे हे काम आहेच, आणि मिक्सर आल्यापासून ते कोणालाही जमते. आमच्याकडे शनिवारी मी भिजवतो आणि वाटतो, पत्नी रविवारी तव्याकडे पाहते. तीही नोकरीला जाते, सहा दिवस लोकलला लटकते. तयार पिठाची पिशवी दुकानात मिळते, ज्यांना वेळ नाही त्यांनी जरूर घ्यावी, त्यात कमीपणा नाही. फक्त पिशवीतल्या पिठात उडीद किती, हे चवीवरून ओळखायला शिकावे.

उरलेले पीठ फ्रीजमध्ये दोन दिवस राहते. तिसऱ्या दिवशी फार आंबट झाले तर त्यात कांदा, मिरची, कोथिंबीर आणि थोडे तांदळाचे पीठ घालून पातळ पसरावे. त्याला जाळी पडत नाही, पण डब्याला उत्तम. मुलीला मात्र पहिल्याच दिवशीची जाडी आंबोळी लागते, आणि तीही नारळाच्या दुधात गूळ विरघळवून. ती तिला पॅनकेक म्हणते.